उड्या मारणारा पाय

"हा चालतो आणि हा उड्या मारतो," रेने म्हणाली आणि तिने दोन्ही पाय काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

शिलाई मशीनच्या सुईभोवती कापड दाबून धरणारा जो धातूचा तुकडा असतो, तो हा पाय. चालणारा चांगलाच आडदांड होता, साबणाच्या वडीएवढा, पोटात दाते आणि बाजूला लोंबणारा चिमटा. उड्या मारणारा अगदीच किरकोळ. एक बारीक दांडी, तिला स्प्रिंग आणि टोकाला पुढून उघडी राहिलेली कडी. अर्लिस ब्राटेनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिचे स्वतःचे दोन पाय काउंटरखाली जाड बुटांत होते आणि त्यांना यांतलं एकही काम धड जमत नव्हतं. केमो वसंतात संपली होती, केस परत आले होते, पण हातापायांची बोटं जी बधिर झाली ती तशीच राहिली होती. डॉक्टर म्हणाला होता, संवेदना परत येईल किंवा येणार नाही. एवढं तर तिने स्वतःच स्वतःला फुकटात सांगितलं असतं.

रेनेचं दुकान शेजारच्या गावात, पूर्वी जिथे बँक होती तिथे. तिजोरीच्या खोलीत आता सुती कापडाचे गठ्ठे असतात आणि त्या लोखंडी दाराला दोरीने बांधून उघडं ठेवलेलं असतं. शेतं रिकामी झाली की आमच्या भागातल्या बायका हिवाळ्याची बेगमी करायला तिथे येतात. आज मात्र बुधवारची सकाळ होती आणि दुकानात दोघींखेरीज कुणी नव्हतं.

मशीनची दांडी बुटकी आहे की उंच, असं रेनेने आधी विचारलं होतं, कारण बुटक्याचा पाय उंचाला बसत नाही. अर्लिसने पर्समधून कागदी रुमालात गुंडाळलेला जुना पाय काढला, तुकडे जोडायचा, रोजचा. रुमाल उलगडताना तो कधी निसटला ते तिला समजलंच नाही. फरशीवर टण्णकन आवाज आला तेव्हा कळलं. हल्ली वस्तू पडली हे तिला कानांनी कळायचं.

रेनेने तो उचलला, बुटक्याचा आहे म्हणाली, आणि मग नीट समजावून सांगायला लागली. गोधडीचे थर तीन. वरचं कापड, मधला भर, खालचं अस्तर. साधा पाय नुसता दाबून धरतो. मशीनचे दाते अस्तराला पुढे ढकलतात, वरचं कापड मागे राहतं आणि चुण्या पडतात. चालता पाय वरूनही तेवढंच पाऊल टाकतो, म्हणून तिन्ही थर एका चालीने पुढे जातात.

"तुम्ही फक्त समोर बसायचं," रेने म्हणाली.

"आणि हा दुसरा?"

"याला लावायचं तर खालचे दाते बंद करायचे. मग कापड मशीन हलवत नाही, तुम्ही हलवायचं. हात जाईल तिकडे टाका. हात पळाला की टाका लांब, रेंगाळला की बारीक. फुलं काढा, पिसं काढा, नाव लिहा." तिने अर्लिसकडे पाहिलं. "पण तुमच्या चर्चच्या गोधड्या तर हातानेच असतात ना? तुमच्या इथल्या बायका मशीनचं नाव काढलं तरी नाक मुरडतात."

अर्लिसने उत्तर म्हणून आपली दहा बोटं काउंटरवर ठेवली. दोन बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या होत्या, एकावर भाजल्याचा जुना डाग. रेनेने पाहिलं.

रेने म्हणाली ते खरं होतं. आमच्या लूथरन चर्चच्या तळघरात दर मंगळवारी बायका गोधडी शिवायला बसतात. तुकडे जोडायला मशीन चालतं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण तिन्ही थर एकत्र शिवायचे ते चौकटीवर ताणून, हाताने, धावदोऱ्यानेच. हा लव्हॉनच्या आईच्या वेळेपासूनचा नियम, आणि लव्हॉन त्या मंडळाची प्रमुख असल्यामुळे तो बदलण्याची शक्यता पाद्री बदलण्यापेक्षा कमी. शरद ऋतूत चर्चच्या लिलावात ती मोठी गोधडी टांगली जाते, आणि तिच्या मधोमध टाक्यांनी काढलेल्या पिसांचं एक गोल कडं असतं. ते कडं अर्लिसचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभं आयुष्य काढलं. पोरांना बटाट्याचा लगदा वाढला आणि डिशा गोळा केल्या. तिथे कुणी तिचं नाव घेऊन काही टांगलं नाही. हे कडं तेवढं तिचं होतं.

त्या कामात डावं बोट अस्तराखाली असतं. वरून खुपसलेल्या सुईचं टोक त्या बोटाला टोचलं न टोचलं की सुई वर वळवायची. ते टोचणं कळणं हीच सगळी कला आहे. टाके बारीक येतात ते त्यामुळेच.

अर्लिसला टोचणं कळेनासं झालं होतं. इस्टरनंतर ती मंगळवारी परत जायला लागली, आपल्या खुर्चीवर बसली, कड्याला सुई लावली. टाके मोठे पडताहेत हे तिला दिसत होतं, पण तिने स्वतःची समजूत घातली होती की सवय गेली आहे, येईल. संध्याकाळी लव्हॉन म्हणायची, "तू दमतेस, तू नीघ, कप आम्ही विसळतो." अर्लिसला ते बरं वाटायचं. पुढच्या मंगळवारी पाहावं तर कडं चांगलं दिसायचं, तिला आठवत होतं त्यापेक्षा चांगलं. आपल्याला वाटतं तितके वाईट पडत नाहीत टाके, असं ती घरी नवऱ्याला, डेल्मरलाही म्हणाली होती.

आणि काल, अंधार पडता पडता, लव्हॉन तिच्या स्वयंपाकघराच्या दारात आली.

डेल्मर बटाटे सोलत होता. धान्याच्या कोठारावर नोकरी केलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून आणि विशेषतः बायको आजारी पडल्यापासून तो स्वयंपाकघरात असा वावरायचा की जणू कुणी त्याला तिथे ड्यूटी लावली आहे. लव्हॉनने कोट काढला नाही, बसलीही नाही. तिने खिशातून रीळ काढलं, हातभर पांढरा दोरा तोडला आणि अर्लिसपुढे धरला.

"हे जरा चावून दे."

यात विचारण्यासारखं काही नव्हतं. सुई टोचून कापडावर रक्त पडलं तर ते ज्याचं त्याच्याच थुंकीने निघतं, दुसऱ्या कशाने निघत नाही. हे आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. पाणी लावलं तर डाग पसरतो. दुसरीची थुंकी लावली तर पिवळा पडतो. म्हणून दोरा चावून त्याची ओली गोळी करायची आणि डागावर टिपायची. अर्लिसने दोरा तोंडात घातला. रक्त कधी आलं ते तिला माहीत नव्हतं, पण हल्ली तिला तेही माहीत नसायचं.

पण तोंडात ओलावाच नव्हता. केमोने तोही नेला होता. ती चावत राहिली आणि दोरा कोरडाच राहिला. लव्हॉन दाराशी वाट बघत उभी होती. शेवटी डेल्मरने फ्रीजमधून लोणच्याच्या काकड्यांची बरणी काढली, झाकण उघडलं आणि बायकोच्या नाकापुढे धरली.

"खाऊ नकोस, नुसती बघ," तो म्हणाला.

त्याने जरा काम झालं. अर्लिसने गालात दोरा सरकवला आणि सहज विचारलं, "कुठे पडलाय डाग?"

"कड्याखाली. अस्तराला."

अर्लिसचा जबडा थांबला. गोधडी चौकटीवर ताणलेली असते तेव्हा अस्तर जमिनीकडे असतं. गोधडी पुरी होऊन चौकटीवरून उतरेपर्यंत ते कुणाच्या दृष्टीस पडत नाही. दिवा घेऊन कुणी खाली वाकून गेलं तरच दिसतं. आणि दिवा घेऊन खाली वाकायचं कारण एकच असतं.

"तू खाली कशाला गेली होतीस?"

लव्हॉनने बटाट्यांच्या सालींकडे पाहिलं. तिने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. सुई पडली होती, कात्री पडली होती. पण खोटं बोलणं तिच्या रक्तातच नाही, आणि हा गुण माणसात किती त्रासदायक असतो ते अशा वेळी कळतं.

"कप विसळत होते," ती म्हणाली.

डेल्मरला हे कळण्याचं कारण नव्हतं. अर्लिसला कळलं, कारण हा शब्द तिनेच आणि लव्हॉननेच मिळून पाडला होता. गुड्रून थोर्सन म्हणून एक म्हातारी होती, आता नाही. अर्लिसला पिसांचं कडं तिनेच शिकवलं. पुढे गुड्रूनची जवळची नजर अधू झाली आणि तिचे टाके भरकटायला लागले. आमच्याकडे कुणाला तोंडावर वाईट म्हणायची पद्धत नाही. तसं म्हटलं तर मग वर्षभर चर्चमध्ये दोन बाकं सोडून बसावं लागतं. म्हणून मंगळवारी संध्याकाळी या दोघी म्हातारीला सांगायच्या, तुम्ही निघा, रस्ते निसरडे झालेत, कप आम्ही विसळतो. ती कोट चढवून जायची. मग या चौकटीखाली दिवा ओढायच्या, गाठ कापायच्या आणि तिचा धावदोरा एका ओढीत सर्रकन बाहेर काढायच्या. हाताचा टाका असाच निघतो, हाक मारताच आल्यासारखा. त्या जागी या नवे टाके घालायच्या आणि पुढच्या मंगळवारी गुड्रून त्या टाक्यांवरून हात फिरवून म्हणायची, अजून जमतं की मला. यात दुष्टपणा नव्हता. त्यांनी ते प्रेमानेच केलं होतं.

"कधीपासून?" अर्लिसने विचारलं.

"तू परत यायला लागलीस तेव्हापासून."

"सगळे?"

"कड्यातले सगळे," लव्हॉन म्हणाली. "कडेचे काही ठेवलेत."

डेल्मरने नळ सोडला आणि तो पाठ करून बटाटे धूत राहिला. धुतलेलेच बटाटे होते ते. अर्लिसने तोंडातून दोऱ्याची गोळी काढली आणि लव्हॉनच्या तळहातावर ठेवली. वाळायच्या आत लाव, असं ती म्हणाली. लव्हॉनने तिचं नाव घेतलं आणि अर्लिस पुन्हा म्हणाली, वाळेल, जा. गोळी मुठीत धरून लव्हॉन गेली.

राग यायला हवा होता. अर्लिसने जेवताना वाट पाहिली, आला नाही. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. बधिरपणा बोटांपाशी थांबला नसावा, आत कुठेतरी पोचला असावा, असं तिला वाटलं आणि त्याचंही काही वाटलं नाही. भांडी घासताना तिला उगीच गुड्रूनची गाडी आठवली. म्हातारी तळघरातून वर गेल्यावर तिची गाडी आवारात बराच वेळ नुसती चालू असायची. तळघराची खिडकी जमिनीलगत आहे, त्यातून गाडीचे दिवे आत यायचे. एकदा अर्लिसने बाहेर जाऊन विचारलं होतं, काही बिघाड झालाय का? "गाडी गरम होतेय," गुड्रून म्हणाली होती. अर्लिसने नळ मोठा केला आणि पुढचा विचार केला नाही.

सकाळी ती गाडी घेऊन रेनेकडे आली.

रेनेने तिला दुकानातल्या मशीनवर बसवलं. आधी चालता पाय लावला आणि तीन थरांचा चौकोनी तुकडा खाली सरकवला. अर्लिसने पायाखालचं पॅडल दाबलं. किती दाबलं ते तिला मशीनच्या आवाजावरून कळलं. कापड पुढे निघालं. तिने हात नुसते ठेवले होते. एक ओळ गेली, तिच्याशेजारी दुसरी गेली, दोन्ही सरळ, टाक्याला टाका सारखा.

"बघा," रेने म्हणाली. "कुणालाही जमतं."

तिने ते धीर द्यायला म्हटलं होतं. अर्लिसने ओळींकडे पाहिलं. चांगल्या होत्या. लव्हॉनने मान हलवली असती अशा होत्या. त्या अर्लिसने घातल्या होत्या की रेनेने की रस्त्याने जाणाऱ्या कुणी, ते ओळखायचा काही मार्ग नव्हता.

मग रेनेने दाते बंद केले आणि उड्या मारणारा पाय लावला. तो बसवायचा स्क्रू बारीक होता, तिने आपणहून फिरवला. पिसं काढून बघा, म्हणाली. अर्लिसने कापड धरायला बोटं टेकवली आणि मशीन सुरू केलं. पाय टकटक टकटक उडायला लागला, कापड भलतीकडेच गेलं, दोन टाके एकावर एक पडले, तिसरा हातभर लांब गेला. पीस म्हणून जे आलं ते बघून रेनेने सभ्यपणे खोकला काढला.

"बोटांनी नका धरू," ती म्हणाली. "अख्खा पंजा टेकवा. खांद्यातून फिरवा, कणीक मळतो तसं."

अर्लिसने तळवे सपाट टेकवले. तळव्यांनाही विशेष काही कळत नव्हतं. पण मशीन सुरू झालं आणि तिला मनगटात काहीतरी जाणवलं. आधी वाटलं भास आहे. तिने पॅडल सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पायाची प्रत्येक उडी कापडातून, बधिर पंजातून तशीच वर येत होती आणि जिथे बधिरपणा संपतो तिथे, मनगटाच्या हाडाशी, येऊन आपटत होती. हात पळाला की आपटणं विरळ व्हायचं, रेंगाळला की दाट. टाका लांब पडला की आखूड, हे तिला न बघता कळत होतं. वसंतापासून पहिल्यांदाच काही कळत होतं.

पीस मात्र पहिल्याइतकंच वाईट आलं.

रेनेने आपला सल्ला दिला. सुरुवातीला चालताच बरा, त्यात निराशा होत नाही, हा दुसरा माणसाला रडवतो. अर्लिस म्हणाली, हाच दे. रेने म्हणाली, निदान बंद कडीचा घ्या, कापडात अडकत नाही. अर्लिसने विचारलं, त्यातून सुई दिसते का? रेनेने कबूल केलं की अर्धीच दिसते. मग उघडाच, अर्लिस म्हणाली, मला बघून काम करायचंय. रेनेने तो छोट्या डबीत घातला आणि डबी तिच्या हातात न देता सरळ पर्समध्ये टाकली.

घरी तो पाय मशीनला बसवताना तिने स्क्रू चारदा पाडला. डेल्मर गॅरेजमधून लोहचुंबक घेऊन आला, गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधला, आणि मग तो काढायलाच नको असा घट्ट बसवला. त्यानंतर अख्खा नोव्हेंबर घरात टकटक चालू होती. मंगळवारी ती गेली नाही. सर्दी आहे, असा तिने निरोप दिला. दुसऱ्या मंगळवारीही सर्दीच होती. लव्हॉनने खिमा-बटाट्याची भाजलेली डिश दाराबाहेर ठेवली, झाकणावर चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलेली, आणि ती घंटा न वाजवता गेली. दोघांनी ती खाल्ली. अर्लिसला चव लागली नाही, पण तिला कशाचीच लागत नव्हती. डिश धुऊन डेल्मर परत देऊन आला आणि तिकडे काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, कारण बहुधा झालंच नसावं.

लिलाव झाला. ती गेली नाही. गोधडीला चांगली किंमत आली आणि कड्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, असं शेजारणीने फोनवर सांगितलं. "तुझा हात अजून तसाच आहे गं," शेजारीण म्हणाली. अर्लिस म्हणाली, तो हात लव्हॉनचा आहे. शेजारणीला वाटलं ही विनयाने बोलते आहे.

ती एका चिंधीवर कडं काढायची, ती भरली की दुसरी घ्यायची. डेल्मर येता जाता बघायचा.

"हा बेडूक आहे का?" त्याने एकदा विचारलं.

"पीस आहे."

"ट्रकखाली आलेला बेडूक वाटतो," तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "पण कालच्यापेक्षा बरा आहे. कालचा ओळखूच येत नव्हता."

आमच्या चर्चमध्ये ज्या बाळाचा बाप्तिस्मा होतो त्याला मंडळाकडून एक छोटी गोधडी मिळते. डिसेंबरात नॉर्डबींच्या नव्या बाळाचा होता. ते कापड अर्लिसकडे आधीपासून होतं, पिवळं आणि पांढरं, तुकडे जोडून झालेले. तिने तिन्ही थर पिनांनी टाचले, दोन्ही पंजे टेकवले आणि मधोमध कडं काढायला घेतलं. यावेळी चिंधी नव्हती, चुकलं तर चुकलं. मनगटात पायाच्या उड्या मोजल्यासारख्या येत होत्या. आत, बाहेर, वळण, पुन्हा आत. संपलं तेव्हा तिला चांगलंही वाटलं नाही आणि वाईटही. तिने दोरे कापले आणि घडी घातली.

त्या मंगळवारी ती गेली.

तळघरात तोच कॉफीचा वास होता, तेच वाफेने घुमणारे पाइप. चौकटीवर पुढच्या वर्षीची गोधडी ताणलेली होती आणि मधल्या खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं. लव्हॉन आणि बाकीच्या दोघींनी, ये ये, सर्दी कशी आहे, असं विचारलं. अर्लिस म्हणाली, गेली. तिने कोट काढला आणि बाळाची गोधडी टेबलावर पसरली.

कडं एका बाजूला फुगलं होतं. टाके कुठे मोहरीएवढे, कुठे तांदळाएवढे. दोन पिसं एकमेकांवर चढली होती. लव्हॉनने चष्मा लावला, वाकून बघितलं, गोधडी उलटी केली आणि अस्तर बघितलं. तिच्या गळ्यात फितीला बांधलेली छोटी कात्री असते. तिचं टोक तिने एका लांब टाक्याखाली घातलं आणि सवयीने हलकेच ओढलं. टाका हलला नाही.

"तो निघत नाही," अर्लिस म्हणाली. "वरचा दोरा खालच्याला धरतो, खालचा वरच्याला. एकेक कापून काढावा लागतो. तुझा अख्खा हिवाळा जाईल."

"मी काढत नव्हते. बघत होते."

"बघ. आणि वाईट असेल तर माझ्या तोंडावर सांग, मी घरी घेऊन जाईन. पण कप विसळू नकोस."

बाकीच्या दोघींनी आपापल्या सुईत डोकं घातलं. लव्हॉनची मान लाल झाली. तिने कात्री सोडली, ती फितीवर जरा वेळ झुलत राहिली. पिसांवरून तिने एक बोट फिरवलं, एका टोकापासून पुन्हा त्याच टोकापर्यंत. तिला बराच वेळ लागला, आणि अर्लिस तोवर उभी राहिली, हात टेबलावर टेकवून, कारण पायांचा भरवसा नव्हता. नको म्हणाली तर गोधडी घरी जाईल आणि पुन्हा मंगळवारी इकडे यायला कारण उरणार नाही, हे तिला माहीत होतं. लव्हॉनलाही माहीत असावं.

"वाईट आहे," लव्हॉन म्हणाली.

"हं."

"ही दोन पिसं तर बदकाची वाटतात."

"डेल्मर बेडूक म्हणतो."

कोपऱ्यातल्या एकीच्या तोंडून हसू निसटलं आणि तिने ते खोकल्यात घातलं. लव्हॉनने गोधडी सरळ केली, चार घड्या घातल्या, कडं वर येईल अशी, आणि रविवारच्या सामानाच्या पेटीत ठेवून दिली.

"बाळ त्याच्यावर ओकणारच आहे," ती म्हणाली. "बस. कॉफी निवतेय."

मग चौघींनी कॉफी घेतली, भोपळ्याच्या वड्या खाल्ल्या, आणि बोलणं नॉर्डबींच्या सुनेवर गेलं. अर्लिस मधल्या खुर्चीवर बसली नाही, भिंतीलगतच्या टेबलाशी बसली. त्या टेबलामागे विजेचा बोर्ड आहे, मशीन आणलं तर तिथे लागेल, असं लव्हॉन म्हणाली, कुणाकडेही न बघता. अर्लिस म्हणाली, बघू.

चार वाजून गेले होते आणि खिडकीत अंधार आला होता. अर्लिस दमली. तिने आपला कप उचलला, नळाखाली धरला, फडक्याने पुसला आणि आकड्याला अडकवला. तू नीघ, असं यावेळी कुणी म्हटलं नाही. ती आपणच निघाली.

आवारात बर्फ कडक झालं होतं. गाडी सुरू करून ती बसून राहिली. दोन्ही हात चाकावर होते. समोर जमिनीलगत तळघराची खिडकी, पिवळ्या उजेडाची. त्या उजेडात तिला चौकटीचे पाय दिसत होते आणि त्यांच्यामागे फिरणारे बूट. इथून किती स्वच्छ दिसतं हे तिला माहीत नव्हतं. ती एवढी वर्षं त्या खिडकीच्या आत होती. कुणी दिवा घेऊन खाली वाकलं तर त्याचं तोंडसुद्धा दिसलं असतं.

ती बघत राहिली. बूट इकडून तिकडे गेले. मग खिडकी विझली.

थोड्या वेळाने तिघी जिना चढून बाहेर आल्या. दोघी आपापल्या गाड्यांकडे गेल्या. लव्हॉन जपून पावलं टाकत हिच्या गाडीपाशी आली आणि तिने काचेवर टकटक केलं. अर्लिसने काच खाली घेतली.

"अजून गेली नाहीस?"

"गाडी गरम होतेय," अर्लिस म्हणाली.

लव्हॉनने मागे वळून त्या काळ्या खिडकीकडे पाहिलं, मग गाडीच्या दिव्यांकडे, मग पुन्हा खिडकीकडे.

"गुड्रूनची पण लवकर व्हायची नाही," ती म्हणाली.

"नवी कोरी होती गं तिची गाडी."

लव्हॉनने एक हातमोजा काढला आणि परत घातला. मग ती गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, दार उघडून आत बसली आणि तिने दार ओढून घेतलं. दोघी समोर बघत राहिल्या. हीटर चालू होता. ऊब अर्लिसला मनगटापर्यंत लागत होती.